बिनजोडाची काठी

माझ्या मोठ्या भावाला मी भाऊच म्हणतो. आमचं घर वर्ध्याजवळच्या आंजीत, धाम नदी हाकेवर, आणि भाऊ लहानपणापासून गळ टाकून काठावर बसणारा. मरळ कुठल्या डोहात आहे हे त्याला पाण्याकडं पाहून कळायचं. समुद्र मात्र त्यानं पाहिला नव्हता. तो निवृत्त झाला, पोरगी लग्न होऊन रत्नागिरीकडं गेली, आणि एक दिवस जावई फोनवर सहज बोलून गेला की ओळखीच्या तांडेलाची मासेमारीची बोट चार दिवस खोल समुद्रात जाते, येता का मामाजी? झालं. त्या दिवसापासून भाऊच्या डोक्यात दुसरं काही नाही.

त्याचा उजवा हात तेव्हा थरथरायला लागला होता. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं. चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरायचा आणि आम्ही तिकडं पाहायचो नाही. मला एकदाच म्हणाला, "हात ऐकते तोवर समुद्रातली एक तं मच्छी माह्या काठीनं काढतो."

काठी घ्यायला नागपूरला गेलो. दुकानदारानं दोन तुकड्यांची, जोडाची काठी पुढं केली. प्रवासात सोपी, बॅगेत मावते. मीही तेच म्हणालो. पण भाऊ ऐकेल तर शपथ. मोठ्या माशापुढं जोड उकलतो म्हणे, बिनजोडाचीच पाहिजे. मग भर दुकानात एकेका काठीची मूठ काखेत दाबून, कोपर आवळून तो उभा राहून पाहू लागला. मूठ काखेत रुतली की हाताचं काम खांदा करतो, हा त्याचा हिशेब. मी म्हटलं, काठी घेऊन राह्यला का नवरी पाहून राह्यला? दुकानदार हसला, भाऊ हसला नाही. शेवटी घेतली ती माझ्यापेक्षाही उंच, लांब मुठीची.

घरी अंगणात दोऱ्याला पाण्याची बादली बांधून ती उचलण्याची तालीम सुरू झाली. वहिनी ओट्यावरून म्हणायची, बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी. समुद्रातल्या माशाला दात असतात, दोरा तोडतो, म्हणून गळाच्या वर तार गुंडाळावी लागते. ती तार त्याच्या बोटांतून निसटायची. तो शिव्या घालायचा, पुन्हा धरायचा, पण मला हात लावू द्यायचा नाही. सगळे गळ त्यानं स्वतः बांधले.

आता ती काठी न्यायची कशी? रेल्वेत ती बर्थवर मावणार नाही, खाली ठेवली तर कोणीतरी पाय देणार, टोक मोडलं की संपलं. भाऊनं घरी पडलेला सांडपाण्याचा पाइप कापला. आत काठी, रीळ, गळ आणि भोवती गच्च कापूस. दोन्ही तोंडांना झाकणं लावून सोल्यूशननं चिकटवली. वर कागदावर पत्ता आणि फोन नंबर, त्यावर टेप. काम मोठं देखणं झालं होतं, खोटं कशाला बोलू. कारंज्याच्या ढाब्यावर ओळखीचा ड्रायव्हर गाठला. तो मुंबईकडं निघाला होता आणि तिथून पुढं रत्नागिरीच्या गाडीत देतो म्हणाला. ट्रकमध्ये वाटेत उतरवायचे शेतीचे पाइप भरलेले होते. आम्ही दोघांनीही ते पाहिले. भाऊनं तर आपल्या हातानं आमचा पाइप त्यांच्या मधोमध सरकवला आणि समाधानानं म्हणाला की पाइपांत पाइप, आता हलायचा नाही.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! पाइपांच्या ढिगात एक पाइप जास्त दिसला तर कोण दचकतो? वाटेतल्या कुठल्याशा दुकानात हमालांनी इतरांसोबत तोही उतरवला. आम्ही रत्नागिरीला पोचलो, काठी पोचली नाही. ड्रायव्हर फोनवर नुसता चुकलो भाऊ, चुकलो भाऊ करत राहिला. इकडं बोटीत बर्फ भरला गेला होता, भरती कोणासाठी थांबत नाही. जावयानं चार घरी विचारलं, पण तशी काठी कोणाकडं नव्हती. तांडेल म्हणाला, हातदोऱ्या आहेत की बोटीत, चला.

हातदोरी म्हणजे काठी नाही, रीळ नाही, नुसता दोरा बोटांवर घेऊन बसायचं. मी पहिला दिवस ओकण्यात घालवला. भाऊला काही झालं नाही, तो दोरी घेऊन बसला. हात थरथरला की दोरा थरथरायचा. एकदा मासा लागला आणि दोरा त्याच्या बोटांतून सर्रकन गेला, तळहात कापला. दुसऱ्यांदा तेच. तांडेलानं मान वळवली. भाऊनं दोरी नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

आणि नेमकी माझ्याच दोरीला सुरमई लागली. ज्यानं धामेत कधी धड झिंगा काढला नाही, त्याच्या! मागून भाऊ सांगत होता, ढील दे, थांब, आता ओढ. मी ओढली. बोटीवर सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. भाऊ खाली बसला, माशाच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. लोक मासा मिळावा म्हणून नवस करतात. मला तो मिळाला नसता तर किती बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

दिवाळीनंतर पाइप परत आला. मलकापूरकडच्या कोण्या शेतकऱ्याला तो जोडताना जड लागला, मग पत्ता दिसला आणि त्यानं फोन केला. ड्रायव्हरनं कारंज्यापर्यंत आणून दिला, तिथून मी जीपच्या टपावर बांधून घरी आणला. तोवर भाऊच्या शर्टाची बटणं वहिनी लावायला लागली होती. मी झाकण कापायला आरी काढली.

"उघडू नको," भाऊ म्हणाला. "उघडला का मले पुन्हा जावंसं वाटन."

मी आरी खुंटीला लावली. पाइप आम्ही छपरीत भिंतीशी आडवा ठेवला. जरा वेळानं त्यानं विचारलं, "त्या मच्छीचा पहिला झटका कसा होता रे? हाताले कसा लागला?"

मी म्हटलं, "काही नाई भाऊ. आपल्या धामेतल्या मरळीसारखाच."

"खोटं बोलून राह्यला तू," तो म्हणाला, आणि थरथरणारा हात दुसऱ्या हातानं मांडीवर दाबून धरला.