पोळीचे चार तुकडे

झाशीहून बरुआसागरला जाणाऱ्या बसमध्ये एकदा माझ्या शेजारी प्राथमिक शाळेतल्या एक बाई बसल्या होत्या. पदराने फोनची काच पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

"स्कूल में नेटवर्क नहीं आता, बिटिया. इसलिए हिसाब का पाठ झाँसी से ही फोन में भरकर ले जाती हूँ. बच्चे खुद उँगली से रोटी के चार टुकड़े करेंगे. खाली मेरे समझाने से अब नहीं समझते."

त्यांनी कौतुकाने फोन माझ्या हातात दिला. मी पडद्यावरच्या पोळीला बोट लावलं. काहीच झालं नाही. धडा फोनमध्ये उतरलाच नव्हता, नुसतं चित्र आलं होतं, आणि नेटवर्क केव्हाच गेलं होतं.

"अच्छा है ना?"

"जी," मी म्हटलं.

त्या हसत उतरल्या आणि शाळेच्या दिशेने भराभर चालू लागल्या. आता त्यांना ते मुलांसमोरच कळणार होतं.