आगाऊ मृत्युलेख आणि भावोजींचं फीड

आमचे भावोजी विमा कार्यालयातून निवृत्त झाले आणि त्यांनी स्वतःची वेबसाइट काढली. लिहायचे काय, तर मृत्युलेख. ओळखीपाळखीतलं कुणी गेलं, की संध्याकाळपर्यंत लेख हजर. ऐन वेळी शब्द सुचत नाहीत, म्हणून त्यांनी हयात माणसांवरही आगाऊ लिहून ठेवलं होतं. कुणाला साधा खोकला झाला, तरी ते त्याच्या लेखावरून हात फिरवायचे. ताईनं कधीच कपाळावर हात मारून घेतला होता.

नवं पान चढलं, की वाचकांच्या फोनवर कळवणारी एक फाइल असते, तिला फीड म्हणतात. तिच्यात दर वेळी हातानं दोन ओळी घालायच्या. तेवढाही त्रास नको, म्हणून भावोजींनी महिनाभर खपून एक प्रोग्राम लिहिला. तो वेबसाइटच्या फोल्डरमधली सगळी पानं चाळून फीड आपोआप बनवायचा. आगाऊ लेखही त्याच फोल्डरमध्ये पडून होते. त्यांची लिंक कुठे दिलेली नाही, म्हणजे ते कुणाला दिसणार नाहीत, असा भावोजींचा हिशेब. प्रोग्रामला तो कुणी सांगितला नव्हता.

रविवारी दुपारी त्यांनी बटण दाबलं आणि अर्धं खानदान एका फटक्यात वारलं.

फोन खणखणू लागले. मावशींनी आपण धडधाकट असल्याचं कळवलं. माझ्यावरचा लेख दोन ओळींचा निघाला, त्यातली एक माझ्या दाढीवर. मी भावोजींना काय बोललो, ते इथे लिहीत नाही. पण ते घामाघूम झाले होते वेगळ्याच लेखापायी. तो त्यांच्या थोरल्या भावावरचा, सगळ्यांत लांब. दादांनी नात्यातल्या एका लग्नात चारचौघांसमोर त्यांचं लेखन रटाळ म्हटलं, तेव्हापासून दोघांत अबोला होता. लेखात मात्र भावोजींनी काळीज काढून ठेवलं होतं, आणि शेवटची ओळ होती, दादाशी बोलायचं राहून गेलं. दादा काही आपली साइट उघडत नाही, असं ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते. तेव्हा मात्र मला त्यांची कीव आली.

तेवढ्यात दादांचाच फोन आला. भावोजींनी फोन माझ्याकडे सरकवला, म्हणून मीच स्पीकर लावला.

"पहिल्या दिवसापासून वाचतोय," दादा म्हणाले. "रटाळच लिहितोस. हा बरा जमलाय."

भावोजींनी विचारलं, लेख काढून टाकू का.

"राहू दे. शेवटची ओळ तेवढी खोड. मी आहे अजून, बोल."

गेलेल्यांवर पानंच्या पानं लिहिणाऱ्या माणसाला जिवंत भावाशी काय बोलावं ते सुचेना. शेवटी त्यांनी विचारलं, "खोकला कसा आहे, दादा?"

"बरा आहे," दादा म्हणाले. "लगेच लिहायला बसू नकोस."