मोठेबाबांनी मोजलेला फोटो

आमगावच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसलो तेव्हा माझ्या घोट्यांवर धानाच्या बांधीतला चिखल तसाच होता. रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, ऐन भरात आला होता. पऱ्ह्यांच्या जुड्या बांधावर टाकून मी घरी गेलो, बोचकं उचललं आणि निघालो. पाय धुवायला थांबलो असतो तर गेलोच नसतो.

माय मागोमाग आली. मोठेबाबा आले नाहीत. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मी रांगत होतो तेव्हाच वडील गेले, आणि मला वाढवलं ते मोठेबाबांनी. त्यांचं शेवटचं बोलणं बांधीतच झालं. गुडघाभर पाण्यात वाकलेले, मान वर न करता म्हणाले, "आपले पुरखे माळव्यातून येऊन इथं थांबले. इतकी जमीन त्यायले पुरली. तू कायले जाऊन रायला?"

गाडी हलली तेव्हा माय खिडकीशी येऊन हळूच म्हणाली, "तिथं कोनी पुसलं त कामानं आलो म्हनजो. पळून आलो म्हनजो नोको."

नागपूर येईपर्यंत चिखल वाळून गळून गेला. पण तो रोवणा माझ्या वाट्याचा होता आणि तो मोठेबाबांनी वाकून पुरा केला. पुढे त्यांची कंबर धरली ती कायमचीच. वैद्याने कारण काहीही सांगितलं असो, मला खरं ठाऊक आहे. तुम्ही गावकऱ्यांपैकी जे तिथेच राहिलात, आणि जे माझ्यासारखे नागपूर-कलकत्त्याकडे निघून गेलात, त्या सगळ्यांना हे आधी सांगतो आणि मग पुढचं.

मी गेलो तो फोटोच्या नादाने. नागरा गावच्या शिवरात्रीच्या जत्रेत एक फोटोवाला आला होता. तिपाईवर पेटारा, त्यावर काळं कापड. गर्दीत त्याची छत्री धरायला कोणी नव्हतं, ती मी धरली, म्हणून त्याने मला कापडाखाली डोकावू दिलं. आतल्या दुधी काचेवर महादेवाचं देऊळ उलटं लटकत होतं. कळस खाली, माणसं वर, आणि सगळी चालत होती! मी बाहेर डोकं काढलं, पुन्हा आत घातलं. त्या दिवसापासून बांधीच्या पाण्यात झाडं उलटी दिसली की माझा हात थांबायचा.

घरी सांगितलं तर मोठेबाबा म्हणाले, "सरळ दिसते ते पुरे नाई झालं का तुले?"

मायला मात्र मी दुसरंच कारण सांगितलं होतं, की मला तिचा फोटो काढायचा आहे, आणि तेही खरंच होतं. वडिलांचा चेहरा मला आठवत नाही. तसबीर नाही, काही नाही. लहानपणी विचारलं की माय म्हणायची, "बाप पाहाचा असन त मोठेबाबाले मांगून पाह्य. पाठ दोघायची एकच." चेहऱ्याबद्दल ती बोलत नसे. मला भीती होती की एक दिवस तिचाही चेहरा असाच जाईल आणि मी माझ्या पोरांना सांगेन, तुमच्या आजीची चाल अमकीसारखी होती.

सीताबर्डीवर एका फोटो स्टुडिओत काम मिळालं. मालक स्वभावाने बरे, जिभेने तिखट. रंगवलेला पडदा झटकायचा, गिऱ्हाइकाच्या मानेमागे लोखंडी आकडा लावायचा, म्हणजे डोकं हलत नाही, आणि तबकं धुवायची. असे कितीतरी महिने गेले. मग एक दिवस मालकांनी काचेच्या प्लेटांची नवी पेटी पुढे सरकवली. "नीट आल्यात का बघ जरा."

आता आमच्याकडे बियाणं आलं की माणूस काय करतो? दारात जातो, मूठ उघडून उजेडात धरतो, फुंकर मारतो, पोचट किती ते पाहतो. मी पेटी घेऊन दारात गेलो, काळा कागद सोडला आणि एकेक प्लेट उन्हाकडे धरून नीट निरखली. सगळ्या सारख्या होत्या. एकही फुटलेली नव्हती. मोठ्या समाधानाने मी आत येऊन तसं सांगितलं.

मालक माझ्या हातातल्या उघड्या कागदाकडे पाहत खाली बसले. ज्या काचेवर एकदाच उजेड पडायचा, तिच्यावर मी नागपूरचं अख्खं ऊन ओतलं होतं. अख्खी पेटी गेली. मला वाटलं, आता बोचकं उचलावं. पण काही वेळाने ते हसायलाच लागले. "अरे धानवाल्या, ही काच आहे, बियाणं नाही! हिला उजेडात पारखायचं नसतं, अंधारात सांभाळायचं असतं. चल, काळ्या खोलीत चल. आजपासून शिकवतो."

अशी माझी सुरुवात झाली. लाल काचेच्या दिव्याखाली तबकातलं औषध हलवत राहायचं. आधी काहीच नाही, मग कोपऱ्यातून एक डाग, मग कोणाचा तरी फेटा. लेन्सचं झाकण काढून मनात मोजायचं आणि झाकण लावायचं. मोजताना माझ्या तोंडून खळ्यावरचीच मोजणी यायची. आमच्याकडे धान मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मी झाकण काढून "लाभ" म्हटलं की गिऱ्हाइकं हसायची आणि फोटो हलायचा. हसून घेऊन पुन्हा बसा, असं म्हणायलाही मी तिथेच शिकलो.

दोनेक वर्षांनी मालकांचा जुना कॅमेरा आणि एकच प्लेट मागून घेऊन मी घरी गेलो. हातात कॅमेरा आणि अंगात कोट होता. मोठेबाबा शेतावर होते. मायला मी सपरीत, म्हणजे ओसरीवर, सावलीत बसवलं. पदर कपाळावरून मागे घ्यायला लावला. ती लाजली, पण बसली. झाकण काढलं आणि मोजू लागलो.

तेवढ्यात फाटकाबाहेर मोठेबाबा खाकरले.

आमच्या घरात थोरला पुरुष न खाकरता आत येत नाही. ते खाकरणं म्हणजे आतल्या सुनांना निरोप असतो, मी येतो आहे. भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, धाकटी जाऊ तोंड उघडं ठेवत नाही, थेट बोलत नाही. मायचा हात आपोआप उठला आणि पदर नाकापर्यंत आला.

प्लेट वाया गेली होती हे मला तिथेच कळलं. झाकण लावलं आणि कॅमेरा पाहायला जमलेल्या शेजारपाजारच्यांसमोर मायवर ओरडलो. "तेवढा वेळ हलायचं नाही सांगितलं होतं ना? एवढीही अक्कल नाही?"

ती उठून पदर सारखा करत म्हणाली, "अक्कल हाय म्हनूनच त ओढला, बाबू."

मोठेबाबा खांद्यावरची कुदळ भिंतीला टेकवून मागच्या दाराने विहिरीवर गेले. मी दुसऱ्या दिवशीच परतलो. नागपूरला काच धुतली तर सपरीचा खांब, पाण्याचा गुंड, मायच्या पायाची बोटंसुद्धा लख्ख आली होती. चेहऱ्याच्या जागी फक्त एक धुरकट फटकारा. मालकांनी ती काच पाहिली आणि ठेवून दिली. मला मात्र माझंच बोलणं पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं. पुढे लग्न झालं, बायको-पोरं नागपूरला आली, मालकांचा स्टुडिओ हळूहळू माझ्यावर पडला. घरी जाणं सणावारापुरतं राहिलं. कॅमेरा मात्र पुन्हा कधी नेला नाही. मायने विचारलं नाही आणि मी विषय काढला नाही.

मग एका वर्षी गावाकडचा एकजण स्टुडिओत येऊन मोठेबाबांचा निरोप देऊन गेला. "उलटं दिसते तो पेटारा घेऊन ये म्हना."

गेलो. माय तापातून नुकतीच उठली होती, काठीसारखी झाली होती. मोठेबाबा खाटेवर कंबरेला उशी लावून बसले होते. मला जवळ बसवून घेतलं आणि तंबाखू मळली. मग म्हणाले, "ती आजारी होती तवा धाकट्याचं तोंड आठवून पाह्यलं. तुह्या बापाचं. मले येईना. सख्खा भाऊ, पन येईना. तिचं तरी ऱ्हाऊ दे."

माय दाराआड होती. तिथूनच मला म्हणाली, "त्यायले सांग, ते घरात असताना माह्याच्यानं नाई होत."

"तिले सांग, मी फाटकात बस्तो. रस्त्याकडं तोंड करून. मले ओलांडून कोनी आत येनार नाई."

"त्यायले सांग, उन्हात नोको बसा."

"तिले सांग, ऊन काही मले खाऊन नाई रायलं."

दोघं एकमेकांपासून दहा पावलांवर, आणि मी मध्ये कॅमेऱ्याची तिपाई उघडत त्यांचे निरोप पोचवतो आहे. दोघांनाही सगळं ऐकू येत होतं. तरी मी प्रत्येक वाक्य नीट पोचवलं. तेवढं तर मी करू शकत होतो.

मोठेबाबांनी खाट फाटकात ओढून घेतली आणि आमच्याकडे पाठ करून बसले. माय अंगणात पाटावर बसली. तिने मागे वळून एकदा त्या पाठीकडे पाहिलं आणि मग पदर खाली घेतला. पांढरे केस, कपाळावरचं गोंदण, सगळं. मी तिला असं उन्हात, पुरतं, कधी पाहिलंच नव्हतं. कापडाखाली ती उलटी दिसत होती, आणि तिच्या खाली, म्हणजे खरं तर डोक्यामागे, मोठेबाबांची वाकलेली पाठ. त्यांना चौकटीतून काढायचं तर खाट हलवायला लागली असती. मी नाही हलवली.

"मोजू का?" मी विचारलं.

"तू नोको. माप मी घेतो." खळ्यावर सारं आयुष्य माप त्यांनीच घेतलं होतं. मी झाकण काढलं. त्यांनी रस्त्याकडे पाहत, खळ्यावरच्या आवाजात सुरू केलं, "लाभ... दोन... तीन..."

रस्त्याने जाणारा कोणीतरी थबकला. "काऊन बा, धानाबिगर कायचं मोजून रायले?"

मोठेबाबांनी मोजणी सोडली नाही. शेवटचं माप पडल्यावर मग शांतपणे म्हणाले, "फोटू मोजून रायलो. जाय आता."

झाकण लावलं. माय पदर घेऊन हसू दाबत आत पळाली, तापातून उठलेली बाई.

नागपूरला काच धुतली. मालक तेव्हा थकले होते, पण काळ्या खोलीत येऊन बसत. लाल उजेडात पाहून म्हणाले, "वेळ जरा जास्त झाला रे. कोणी मोजलं?"

म्हटलं, "आमच्या मोठेबाबांनी. त्यांचं माप नेहमी शिगोशीग असतं."

मायचा चेहरा थोडा जास्तच उजळ आला आहे, हे खरं. ओठांच्या कोपऱ्यात त्या रस्त्यावरच्या माणसामुळे आलेलं हसू अडकलं आहे. फोटो घेऊन गावी गेलो तेव्हा तिने स्वतःकडे फारसं पाहिलं नाही. बोट मागच्या पाठीवर ठेवून म्हणाली, "पाह्य, तुहा बाप." आणि फोटो रांधणीत नेऊन लावला, कारण तिथे भासरे येत नाहीत.

मोठेबाबा जाऊन काही वर्षं झाली. त्यानंतर मायने स्वतःच फोटो सपरीत आणून टांगला. फोटोत ती उघड्या तोंडाने बसली आहे, आणि अजूनही त्याच्यासमोरून जाताना पदर पुढे ओढते. मी तिला नागपूरला चल म्हणतो. ती म्हणते, धान निघू दे. धान दर वर्षी निघतं.

महायुद्धाच्या दिवसांत प्लेटा मिळेनात, कागद मिळेना, तरी माझी दुकानदारी चालली. मुलं शहरातली झाली. त्यांना बांधी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. मी सुखात आहे, हे लिहायला मला पूर्वी लाज वाटायची. आता वाटत नाही. रोवणा टाकून आलेल्या माणसाने निदान ज्यासाठी आला ते काम नीट करावं, एवढं मी केलं आहे.

घर कुठलं, असं कोणी विचारलं की मी आमगावच सांगतो. पण सकाळी दुकान उघडलं की कधी कधी त्या फोटोची मूळ काच कपाटातून काढतो. दारात जाऊन, बियाणं धरावं तशी उजेडात धरतो. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं, पण दोघं असतात. माय माझ्याकडे तोंड करून, मोठेबाबा पाठ करून. ऊन आरपार येतं. आता ती बिघडत नाही.