हिरामणचा उजवा फोर्क

आमची दोघांची रजा एकदम मंजूर झाली, हे सीओ साहेबांचे उपकार. मी फौजेच्या वर्कशॉपचा हवालदार, राहणार डोंबिवली. नायक हिरामण कोलशेतचा कोळी, आमच्या युनिटचा डीआर, म्हणजे मोटरसायकलवरून डाक पोचवणारा. नोकरीत दिवसभर मोटरसायकल, आणि रजेतही स्वारीला हौस मोटरसायकलचीच.

त्याच्या गाडीच्या फोर्कमधून, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांमधून, तेल गळत होतं. खाडीच्या हवेने पाइप गंजले आणि त्या गंजाने तेल अडवणारे रबरी ऑइल सील कापले. त्याच्या अंगणात, वाळत घातलेल्या जाळ्यांशेजारी, इंजिनखाली ठोकळा देऊन आम्ही चाक काढलं. डावा फोर्क मी खोलला, उजवा त्याने. वर्कशॉपचा नियम असा की ज्याने खोललं त्यानेच बंद करायचं. मग एखादा वॉशर राहिला तर दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय नाही. माझा जोडून झाला. तो अजून पाइप घासत होता, तेवढ्यात तार आली. दोघांनी ताबडतोब हजर व्हायचं होतं. उजवाही मीच लावून टाकतो म्हणालो.

“हात लावू नका, उस्ताद. मी खोललाय, मीच लावणार.”

सुटे भाग गोणपाटात बांधून तिथेच ठेवले आणि आम्ही निघालो.

पोस्टिंग डोंगरातलं. एका सकाळी हिरामण डाक घेऊन पुढच्या चौकीकडे गेला आणि मागोमाग दरड कोसळली. मी सिग्नलच्या तंबूत वायरलेस सेटजवळ उभा होतो.

“डीआर पोचला?”

“नेगेटिव्ह. ओव्हर.”

मी रिकव्हरी गाडी काढायची परवानगी मागितली. कॅप्टन साहेब म्हणाले, “रोड बंद आहे. थांब.” दगड अजून पडत होते, त्यांचं बरोबरच होतं. अडकलेलं ओढून काढणं हेच माझं काम, आणि मी दिवसभर नुसता उभा. इतकं असहाय मला पुन्हा कधी वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो दरडीखाली सापडला. डाकेची पिशवी अंगाखाली होती.

पुढच्या रजेत कोलशेतला गेलो. गाडी तशीच ठोकळ्यावर. त्याच्या वडिलांनी, बाळारामकाकांनी, गोणपाट माझ्यापुढे ठेवलं. मी त्यांना नियम सांगितला. ऐकून घेऊन ते गाडीशेजारी बसले.

“त्याचा काम अर्धा नको ठेवू, पोरा. तू जोड, मी धरताव.”

त्यांनी स्प्रिंग दाबून धरली, मी नट आवळला. चाक बसवलं. हँडल दाबलं तर फोर्क खाली जाऊन सफाईने वर आले, थेंबभरही गळलं नाही. काकांनीही एकदा दाबून पाहिलं. हिरामण सोडला तर त्या घरातले सगळे होडीवरचे.

“झाली ना?” त्यांनी विचारलं. झाली म्हणालो.

“आता हिला चालवील कोन?”