इंदुमावशींची दोन क्लिकची फाइल

सरकारी खात्यात कोणी काम करत नाही, असं माझ्या गुरुग्रामच्या ऑफिसात जेवताना कोणी म्हणालं की हल्ली मी ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसतो. सहा वर्षांपूर्वी मीही तेच म्हणायचो. तेव्हा मी इंदुमती खांबेटे यांना नुसता ओळखत होतो, त्यांचं काम बघितलं नव्हतं.

इंदुमावशी माझ्या आईची कॉलेजातली मैत्रीण. रसायनशास्त्रात एमएस्सी करून पुण्याहून निघाल्या, दिल्लीत भूजलाच्या खात्यात केमिस्ट म्हणून लागल्या आणि चौतीस वर्षं रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरांत राहिल्या. मी नोकरीसाठी दिल्लीत आलो तेव्हा मुनिरक्यात खोली घेतली होती, खिडकी उघडली की शेजाऱ्याची भिंत. दर रविवारी चालत मावशींकडे जेवायला जायचो. आमटीभात खाऊन, ताकाचा दुसरा पेला घेऊन, मग त्यांच्या कॉम्प्युटरवर टीका करायचो.

टीका करण्यासारखं तिथे एक होतं. पाण्याच्या तपासणीला एक ताळा असतो. पाण्यात विरघळलेल्या घटकांचे दोन गट, धन आणि ऋण, आणि दोन्हींच्या बेरजा जवळजवळ सारख्या यायला हव्यात. पाच टक्क्यांहून जास्त तफावत आली तर मोजणीत कुठेतरी चुकलंय असं धरून अहवाल परत पाठवतात. हे गणित करणारा प्रोग्राम मावशींनी पन्नाशी उलटल्यावर पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकून स्वतः लिहिला होता. नाव ‘नितळ’. तो कोणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, हवा तसा बदलावा, अशी लेखी परवानगी त्यांनी खात्याकडून मिळवली. त्याला सात सह्या आणि अकरा महिने लागले. आमच्याकडे एवढ्या काळात दोन मॅनेजर बदलतात.

पहिल्या आवृत्तीत एक चूक होती. क्षारतेचा आकडा पन्नासने भागायचा, तो एकसष्टने भागला जात होता. मावशींनी ती आठवड्याभरात शोधून दुरुस्त केली. पण तोवर प्रत तेवीस जिल्हा प्रयोगशाळांत पोचली होती, आणि सरकारी कॉम्प्युटरवर एकदा आलेली फाइल सहसा जात नाही. ‘नितळ नया’, ‘नितळ फायनल’, ‘नितळ फायनल शर्माजी’ अशी तिची पिल्लं होतात. तीन वर्षांनी एका जिल्ह्यात जुन्याच प्रतीने एक बरोबर अहवाल चुकीचा ठरवला. एका हापशात फ्लोराइड जास्त असल्याचा तो अहवाल होता. पुन्हा नमुने, पुन्हा तपासणी, यात चार महिने गेले आणि गाव तेच पाणी पीत राहिलं.

“माझ्या चुकीपायी पोरं ते पाणी प्यायली, परीक्षित,” मावशी म्हणाल्या. मग उठून पोळ्या करायला गेल्या.

म्हणून निवृत्तीला तीन महिने राहिले तेव्हा त्यांच्यापुढे एकच प्रश्न होता. तीस नोव्हेंबरनंतर त्यांच्या सहीला किंमत राहणार नव्हती. त्याआधी नवी आवृत्ती तेवीसही ठिकाणी पोचवायची आणि जुनी कायमची घालवायची. पण ती पाठवायची कुठल्या रूपात?

हा माझा प्रांत! मी नाकाने कांदे सोलत व्याख्यान दिलं. प्रोग्रामचं रीतसर पॅकेज करायचं, इंटरनेटवरच्या सार्वजनिक भांडारात ठेवायचं, प्रत्येक आवृत्तीला क्रमांक द्यायचा. वापरणाऱ्याने एक ओळ टाइप केली की नवं आपोआप उतरतं, जुनं निघून जातं. “जगभर असंच करतात, मावशी.”

“अच्छा,” मावशी म्हणाल्या. “चल, एकदा करून दाखव.”

एका शनिवारी त्या मला दिल्लीपासून दोन तासांवरच्या एका जिल्हा प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. तिथले केमिस्ट द्वारका प्रसाद, वय पंचावन्नच्या पुढे, खिशाला तीन पेनं. मी माझी ती एक ओळ टाइप केली. इंटरनेट नव्हतं, ते फक्त साहेबांच्या खोलीत, आणि साहेब दौऱ्यावर. मी पेनड्राइव्ह काढला, तर त्याची खोबण सुरक्षेसाठी चिकटपट्टी लावून बंद. काहीही इन्स्टॉल करायचं तर पासवर्ड कंत्राटदाराच्या माणसाकडे, आणि तो महिन्यातून एकदा येणार. मावशी शांतपणे चहा पीत होत्या. त्यांना हे सगळं आधीच ठाऊक असणार.

“द्वारकाजी,” त्यांनी विचारलं, “आपके यहाँ क्या खुलता है?”

“मैडम, साहब के ईमेल से जो आ जाए, और जो दो बार क्लिक करने से खुल जाए, वो.”

परतीच्या बसमध्ये मावशींनी निर्णय घेतला. अख्खा प्रोग्राम एकाच फाइलीत बसवायचा, आणि ती ब्राउझरमध्ये साध्या वेबपानासारखी उघडली पाहिजे. इन्स्टॉल करणं नाही, इंटरनेट नाही, पासवर्ड नाही. मी कुरकुरलो, हे म्हणजे सगळं नव्याने लिहायचं. “मग लिहू,” त्या म्हणाल्या. शिवाय नुसतं उत्तर देऊन भागणार नव्हतं. उत्तराखाली प्रत्येक भागाकार, प्रत्येक बेरीज दिसली पाहिजे. “म्हणजे ज्याचा माझ्यावर विश्वास नाही तो पेन्सिल घेऊन बसेल.” माझं पॅकेजही त्यांनी नाकारलं नाही. “ते राहू दे की, विद्यापीठातल्या मुलांना लागेल. घर एकच, दारं दोन.”

दहा रविवार आम्ही त्यावर बसलो. एका सुटलेल्या आकड्यासाठी मावशींनी माझं लिखाण तीनदा परत केलं. आमच्या कंपनीत इतकं कडक तपासणारं कोणी नाही, आणि असतं तर मी राजीनामा दिला असता.

जुनी प्रत घालवायची कशी, याचं उत्तरही त्यांनी सरकारी रीतीतूनच काढलं. सरकारात ईमेल न वाचता सुटतो, परिपत्रकाला मात्र उत्तर द्यावंच लागतं. म्हणून फाइलीसोबत एक परिपत्रक गेलं: जुन्या सर्व प्रती काढून टाका, सोबतच्या नमुन्याचे आकडे नव्या फाइलीत भरा, उत्तर ३.८ टक्के येतं का पाहा आणि तीस नोव्हेंबरपूर्वी कळवा. परिशिष्टातले नमुन्याचे आकडे आणि उत्तर मी तयार केलं. मावशींनी सही केली.

तीस नोव्हेंबर आला. निरोप समारंभ चार वाजता होता आणि मला खास बोलावलं होतं. मी पोचलो तेव्हा मावशी टेबलावर तेवीस कागदांचा गठ्ठा लावून बसल्या होत्या. बावीस ठिकाणांहून एकच मजकूर: ‘निर्देशानुसार कारवाई केली. उत्तर जुळले.’ तेविसावा कागद द्वारका प्रसादांचा: ‘उत्तर जुळले नाही. १.० आले.’

“ह्यांनीच जुनी प्रत ठेवलीय वाटतं,” मी म्हणालो. मावशींनी फोन लावला.

“मैडम, मैंने तीन बार किया,” द्वारका प्रसाद जवळजवळ रडवेले झाले होते. “फिर हाथ से भी किया. एक ही आ रहा है. मुझसे ही कुछ ग़लत हो रहा होगा.”

मावशींनी फोन न ठेवताच कागद ओढला आणि स्वतः गणित मांडलं. पाच मिनिटांनी पेन्सिल खाली ठेवली. उत्तर १.० होतं. मग माझ्याकडे बघून विचारलं, “परीक्षित, ते तीन पॉइंट आठ तू कुठून आणलंस?”

मी लॅपटॉप उघडून बघितलं. परिशिष्टाचं उत्तर मी ज्या प्रतीवर काढलं होतं ती जुनी होती. एकसष्टने भागणारी. आवृत्त्यांवर व्याख्यानं देणारा मी, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! चुकीचं उत्तर मी छापलं होतं आणि बावीस कार्यालयांनी ते जुळल्याचं कळवलं होतं. याचा अर्थ बावीसांपैकी प्रत्येकाने एक तर फाइल उघडलीच नव्हती, नाहीतर जुनीच चालवली होती. खरं काम तेवीसांत एकाने केलं होतं आणि तो माफी मागत होता.

“द्वारकाजी, आप बिल्कुल सही हैं. ग़लती हमारी है,” मावशी म्हणाल्या. “आपने आज मेरी लाज रख ली.”

बाहेर हारतुरे घेऊन मंडळी खोळंबली होती. मावशी टायपिंगला बसल्या. नवं परिपत्रक, उत्तर न छापता. उरलेल्या बावीस प्रयोगशाळांना प्रत्येकी वेगळा नमुना, आलेला आकडा तेवढा कळवायचा. पहिल्या ओळीत त्यांनी लिहिलं, ‘पूर्वीच्या परिपत्रकातील उत्तर चुकीचे होते. ही चूक माझी आहे.’

“मावशी, चूक माझी आहे,” मी म्हणालो.

“सही कोणाची आहे?” त्यांनी विचारलं, आणि पाच वाजून चाळीस मिनिटांनी शेवटची सही करून त्या हार घालून घ्यायला गेल्या. मला त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले. मी आपला त्यांचा नारळ आणि शाल धरून उभा राहिलो.

दोन आठवड्यांनी मावशींच्या हाताखाली काम केलेल्या स्वरूपाने बावीस उत्तरं त्यांना घरी कळवली. तेरा बरोबर आणि नऊ जुन्या प्रतीची. नऊ जिल्हे! त्या दिवशी गठ्ठा बांधून समाधानाने घरी गेल्या असत्या तर ही नऊ ठिकाणं वर्षानुवर्षं चुकीचा ताळा करत राहिली असती.

मावशींनी नऊ फोन स्वतःच्या मोबाइलवरून केले. “रिटायर्ड खांबेटे बोल रही हूँ. पुरानी फ़ाइल में ग़लती मेरी थी. अभी, मैं लाइन पर हूँ, हटा दीजिए.” मग नमुन्याचे आकडे सांगायच्या आणि समोरचा उत्तर वाचून दाखवेपर्यंत थांबायच्या. एका ठिकाणी पन्नास मिनिटं थांबल्या.

दहावा फोन मला आला. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो.

“तुझ्या लॅपटॉपवरची जुनी काढलीस?”

“काढली, मावशी.”

“बरं. मग लिहून घे आकडे.”

मी मीटिंग सोडून जिन्यात जाऊन बसलो. खरं सांगतो, काढली नव्हती. तिथेच, त्या फोनवर असताना, ती पुसली, नवी फाइल उघडली, आकडे भरले.

“दोन पॉइंट चार,” मी म्हणालो.

पलीकडे पेन्सिल चालल्याचा आवाज आला. बराच वेळ आला.

“बरोबर,” मावशी म्हणाल्या. “झाले रे मी रिटायर.”