बिनमाशांचा फिशटँक

नव्वदचं दशक संपता संपता आमच्या अवसरी बुद्रुकच्या घरात सव्वीस दिवस फिशटँक चालू होता. त्यात मासा नव्हता.

कारण मी होतो. मी तेव्हा मंचरला बातमीदार होतो आणि वाचल्याशिवाय काही करत नसे. वाचलं ते असं: माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, त्यानं मासे मरतात. म्हणून तो अमोनिया पचवणारे जिवाणू आधी टाकीत वाढू द्यायचे, मासे नंतर. याला चार-सहा आठवडे लागतात. तोवर रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकायचं. ते कुजतं आणि जिवाणूंचं पोट भरतं. मी टाकत होतो. (नुसत्या पाण्याला जेवू घालणारा माणूस अशी गावात माझी ओळख झाली ती याच काळात!)

माझी मुलगी सई हिला मात्र इतका वेळ नव्हता. सव्विसाव्या दिवशी, शनिवारी, तिचा आठवा वाढदिवस होता आणि तिनं तिसरीच्या अख्ख्या वर्गाला मासे बघायला बोलावलं होतं.

मी सकाळ-संध्याकाळ पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचो. रंग पिवळा आला की टाकी तयार. हिरवा आला तर अमोनिया शिल्लक. हिरवाच यायचा. ऑफिसात बसवेना. बातमी अर्धी टाकून घरी यायचो, पुन्हा थेंब, पुन्हा हिरवा. चौदाव्या दिवशी तो जरा फिकटला आणि त्याच दुपारी आईनं फिल्टरचा स्पंज कळकट दिसला म्हणून धुण्याच्या पावडरीनं घासून दोरीवर वाळत घातला. बहुतेक जिवाणू त्या स्पंजातच होते.

"एवढी घाण साठली व्हती, तुला दिसंना व्हय?" आई म्हणाली.

मी पहिल्यापासून सुरुवात केली.

जेवताना आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं की हे जिवाणू लवकर आणायचा काही उपाय नाही का. मी सांगितलं, कुणाच्या जुन्या फिशटँकमधला थोडा गाळ मिळाला तर काम लवकर होतं. पण गावात दुसरा फिशटँक नाही. आण्णा गप्प राहिले. ते गप्प राहिले की काळजी घ्यावी, हे चाळीस वर्षांत मला कळायला हवं होतं.

शनिवारी सकाळी रंग हिरवा आला. मासे आज नाहीत, असं मी सईला सांगितलं. ती रडली नाही. "मी वर्गात सांगितलंय," एवढंच म्हणाली आणि शाळेला गेली.

दुपारी तीनला मी मंचरहून परतलो तर टाकीतलं पाणी काळपट तपकिरी. तळाची रेती दिसेना, पलीकडची भिंत दिसेना. वास ओळखीचा होता.

"गोबरगॅसमधला तांब्याभर शेणकाला वतला," आण्णा म्हणाले. "आपला गॅस नवा व्हता तवा असंच केलतं. दुसऱ्याच्या चालू गॅसमधला काला आणला न् आठ दिसात शेगडी पेटली. त्ये बी जिवाणूच की."

"आण्णा, हा फिशटँक आहे."

"मग? कामाला लागल्यात बघ. बुडबुडं येत्यात."

(बुडबुडे हवेच्या पंपाचे होते.)

थेंब टाकून बघण्याइतका शास्त्रीय मी तेव्हाही होतो. नळीतला रंग औषधासोबत आलेल्या रंगतक्त्यावरच्या शेवटच्या हिरव्याच्याही पुढं गेला. पाणी बदलायला बादल्या काढल्या तर वीज गेली. बोअरची मोटर बंद, हवेचा पंपही बंद. आणि पायरीवर चपलांचा ढीग वाढू लागला.

एकवीस मुलं टाकीसमोर बसली. वासाबद्दल कुणी तक्रार केली नाही. तो प्रत्येकाच्या घरचाच होता. एकीनं विचारलं, मासं कुठंयत? खरं सांगून टाकायचं म्हणून मी घसा साफ केला. तेवढ्यात सई पुढं झाली.

"आतच हायेत. त्यांना गढूळ पाणी लागतं. हालू नका, मंग दिसत्याल."

मुलं हलली नाहीत. पाच मिनिटांनी एकाला शेपूट दिसलं. मग दुसरीला दोन शेपट्या दिसल्या. तिसऱ्यानं मोठा काळा मासा पाहिल्याचं शपथेवर सांगितलं. मुलाला न्यायला आलेले शेजारचे बबनराव काचेला नाक लावून बराच वेळ वाकून राहिले आणि समाधानानं उठले.

"लई मोठालं केल्यात राव. किती हायेत?"

सईनं माझ्याकडं बघितलं. दोन ठिकाणी खात्री केल्याशिवाय मी तोवर एकही आकडा छापला नव्हता.

"चार," मी म्हणालो. "त्यातली एक गाभण आहे."