जरा फुडं घे की

गाडीतल्या म्युझिक सेटच्या फटीत अक्षता घालणारी बाई अख्ख्या कोल्हापुरात एकच निघाली असेल, आणि ती नेमकी माझी आई.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मंगळवार पेठेत आमचं भुसारी मालाचं दुकान, पुढं दुकान आणि मागं घर. तोवर सगळा प्रवास एस.टी.नं, नाहीतर स्कूटरवर. गाडी घेतली ती साधीच, पण सेट मात्र मी हट्टानं भारीतला बसवून घेतला. डिस्क आणि रेडिओ दोन्ही असलेला, निळे दिवे लागणारा. गाण्याचं वेड मला कॉलेजपासूनचं. कॅसेटची सुटलेली रिळं पेन्सिल घालून गुंडाळण्यात माझी निम्मी जवानी गेली, त्यामुळं डिस्क आली तेव्हा वाटलं, सुटलो बाबा एकदाचा. चोरानं नेऊ नये म्हणून त्या सेटचं पुढचं तोंड काढून डबीत ठेवता यायचं. लग्नाच्या पंगतीत ती डबी पानाशेजारी ठेवायची तेव्हा फॅशनच होती, आणि खोटं कशाला बोलू, मीही ठेवायचो. आईला मात्र ती बघून कवळी आठवायची. ‘तोंड काढलंस का त्याचं?’ असं ती चारचौघांत विचारायची.

गाडी दारात आली त्या दिवशी आईनं साग्रसंगीत पूजा केली. बॉनेटवर विभूतीचे पट्टे ओढले, चाकांखाली लिंबं ठेवली, स्टिअरिंगला कुंकू लावलं. मी पेढे वाटत होतो, लक्ष नव्हतं. शेवटी ती पुढच्या सीटवर चढून बसली आणि सेटच्या निळ्या दिव्यांकडं बघत राहिली. उंबऱ्यावर टाकावी तशी ओल्या कुंकवातल्या अक्षतांची चिमूट तिनं त्या फटीवर टाकली. शिवाय ती नीट आत जावी म्हणून बोटानं ढकलली. मी बघितलं तेव्हा शेवटचा दाणा आत चालला होता.

मी एवढा ओरडलो की वडील दुकानातली गादी सोडून बाहेर आले. आईला मी कशासाठी ओरडतोय तेच कळेना. तिचं म्हणणं, गाडीच्या सगळ्या अंगाला देवाचं लागलं आणि एवढं एकच तोंड उपाशी ठेवायचं का? सेट बसवणाऱ्यानं आत बॅटरी मारून बघितलं आणि गंभीर चेहरा करून सांगितलं, तांदूळ लई बारीक हाय, पार खाली गेलाय. तांदूळ शाहूवाडीकडचा होता, आमच्याच दुकानातला. डिस्क घातली की सेट कुरकुर करायचा आणि ती परत बाहेर ढकलून द्यायचा. खोलून साफ करायला वेळ लागेल, असं तो सेटवाला म्हणाला, आणि दिवाळीच्या तोंडावर मला वेळ नव्हता. रेडिओ तेवढा चालत होता. रेडिओ हे माझ्या मते म्हाताऱ्यांचं काम, त्यामुळं मी तो लावायचोसुद्धा नाही.

आता आईच्या माहेराबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ती निपाणीच्या पुढची, कन्नड बोलणाऱ्या घरातली. लग्न होऊन कोल्हापुरात आली आणि इथल्यासारखं रांगडं मराठी बोलायला लागली. माहेरी आता तिची थोरली बहीण तेवढी उरली होती, त्याच गावात दिलेली. आई तिला अक्का म्हणायची. आणि माझ्या लग्नापासून या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

आमच्याकडची रीत अशी की मुलाच्या लग्नात आईनं आपल्या थोरल्या बहिणीला पाटावर बसवायचं, हळदीकुंकू लावायचं आणि स्वतःच्या हातानं तिची ओटी भरून साडी द्यायची. माझ्या लग्नात गर्दी झाली, आचारी रुसला, जेवणाला उशीर झाला, आणि आईनं साड्यांचा गठ्ठा एका पुतणीच्या हातात देऊन टाकला. पुतणीनं सगळ्यांना वाटल्या तशी मावशीलाही एक साडी लांबूनच दिली. मावशीनं ती खुर्चीवर ठेवली आणि न जेवता एस.टी. गाठली. आईचं म्हणणं, माझ्या लेकाच्या लग्नातनं उपाशी गेली, आता तिनंच आधी यावं. मावशीचं म्हणणं, मान चुकला तिचा, आता तिनंच यावं. माझा थोरला मुलगा शाळेत जायला लागला तरी कोणीच आलं नव्हतं.

मला या सगळ्याचा मनस्वी राग यायचा. जिच्या अंगाखांद्यावर मी खेळलो ती माझी मावशी, आणि एका साडीपायी तिचं तोंड दिसू नये? गाडी घेतल्यावर मी आईला म्हटलं, चल, गाडी पहिल्यांदा मावशीकडं नेऊ. तिनं तोंड फिरवलं आणि गाडीत मला मळमळतं म्हणून सांगितलं.

मग एका सोमवारी दुकान बंद असताना एका व्यापाऱ्याच्या घरच्या कार्यक्रमाला कागलला जायचं होतं. आई माझ्या शेजारी बसलेली. डिस्क बंद आणि बोलायलाही काही नाही, म्हणून मी वैतागून रेडिओचं बटण दाबलं. आकडे आपोआप पळायला लागले. जिथं आवाज सापडेल तिथं थांबत, पुन्हा पळत, असं करत धारवाडकडचं स्टेशन लागलं. एक बाई कन्नडमध्ये लिंबाचं लोणचं कसं घालायचं ते सांगत होती. मी पुढं सरकवणार तोच आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला. ‘ऱ्हाऊ दे,’ म्हणाली.

ती बाई लोणच्यात काय घालायचं ते सांगत होती आणि आई मध्ये मध्ये तिला कन्नडमध्ये उत्तरं देत होती. मला कन्नड समजतं, बोलताना जीभ अडखळते. एका ठिकाणी त्या बाईनं मीठ कमी सांगितलं तेव्हा आई खळखळून हसली. मी चाट पडलो. घरात पदर तोंडाला लावून हसायची ती ही बाई नव्हती. ही कोणीतरी वेगळीच होती, परकर नेसून गावभर हुंदडलेली, आणि मी तिला इतक्या वर्षांत कधी भेटलोच नव्हतो याचं मला मनापासून वाईट वाटलं.

ते स्टेशन मी तीन नंबरच्या बटणावर साठवून दिलं. आईनं ते बटण बरोबर ध्यानात ठेवलं. गल्लीत विजेच्या तारांमुळं नुसती खरखर व्हायची, गावाबाहेर पडलं की आवाज उघडायचा. पुढच्या सोमवारी सकाळी आई पिशवी घेऊन गाडीपाशी हजर. म्हणाली, जरा गावाबाहेर नेतोस का, दोन गाणी ऐकून येऊ. मी नेली. कागलपर्यंत गेल्यावर म्हणाली, हितं अजून खरखर हाय, जरा फुडं घे की. मी घेतली.

तेव्हा हायवे रुंद करायचं काम चाललेलं. जागोजागी रस्ता वळवलेला, धुरळा नाकातोंडात. तरी दर सोमवारी आम्ही निघायचो आणि दर सोमवारी आईला पुढं गेल्याशिवाय नीट ऐकू यायचं नाही. आधी कर्नाटकाची हद्द ओलांडली, मग निपाणी आली, मग निपाणीच्या पुढचा फाटा आला, जिथनं आत तिच्या गावाला रस्ता जातो. तिथं मी गाडी चिंचेखाली लावायचो. आवाज कसा, खणखणीत. बाजारभाव असोत, जनावरांच्या रोगांची माहिती असो, आई सगळं ऐकायची आणि त्या आतल्या रस्त्याकडं बघत बसायची. कार्यक्रम संपला की म्हणायची, चल परत. पिशवी मांडीवरनं खाली ठेवायची नाही. मला वाटायचं, पाणी आणि दशम्या असतील.

याच दिवसांत आमच्या घरी दर मंगळवारी नारळाची चटणी व्हायला लागली. मला ती आवडते, म्हणून मी कधी विचारलं नाही.

बायको माझ्यापेक्षा हुशार. ती पहिल्याच महिन्यात म्हणाली, रेडिओ-बिडिओ काही नाही, त्यांना मावशींकडं जायचंय. मला कळत नव्हतं असं नाही. पण एकदा फाट्यावर मी नुसतं म्हटलं, आई, दहा मिनिटांवर तर घर आहे, तर तिनं खटकन रेडिओ बंद केला आणि पुढचे काही सोमवार गाडीत पाऊल ठेवलं नाही. तेव्हापासून मी तोंडाला कुलूप घातलं. तिला जायचं होतं ते स्वतःच्या पायानं. कोणी नेलं म्हणून तिला जायचं नव्हतं.

मग निपाणीकडचा एक व्यापारी दुकानात आला आणि बोलता बोलता म्हणाला, तुमच्या मावशीचं काही खरं नाही. अंथरूण धरलंय, जेवण तुटलंय. आई आतल्या दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण त्या दिवशी निवडलेल्या तांदळात खडे तसेच राहिले.  मला काहीतरी करायला पाहिजे असं वाटत होतं, आणि माझ्यासारख्या माणसाला काहीतरी करायला पाहिजे असं वाटलं की तो हमखास घोळ घालतो.

मी सेट दुरुस्त करून आणला. वर कन्नड गाण्यांची एक डिस्क शोधून आणली. म्हटलं, बिचारी धुरळा खात लांब जाते, तिला दारातच ऐकू दे. रविवारी सकाळी गल्लीत गाडी उभी करून सगळी दारं उघडली आणि लावली डिस्क. खरखर नाही, काही नाही, घोटून काढल्यासारखा आवाज. शेजारीपाजारी बाहेर आले. आई दारात उभी राहून एक गाणं ऐकत होती. ‘बरं हाय,’ म्हणाली आणि आत गेली.

बायकोनं कपाळावर हात मारला. म्हणाली, अहो, तुम्ही त्यांचा रस्ताच बंद केलात की. आता त्या कोणत्या तोंडानं पुढं घे म्हणतील? मी चरफडलो, पण तिचं बरोबर होतं. चांगलं करायला गेलो आणि आईच्या हातातलं एकुलतं एक निमित्त मीच काढून घेतलं. मावशी तिकडं अंथरुणावर, आई इकडं, आणि मध्ये माझी ती चकचकीत डिस्क. दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी माडीच्या खिडकीत दात घासत उभा होतो. आई न्हाऊन, इस्त्रीचं लुगडं नेसून खाली गाडीपाशी आली. हातात पूजेचं तबक. सण नाही, वार नाही, आणि तबक. तिनं गाडीचं दार उघडलं, स्टिअरिंगला कुंकू लावलं. मग गल्लीत दोन्ही बाजूंना बघितलं, वर मात्र बघितलं नाही. तबकातनं अक्षतांची चांगली मोठी चिमूट घेतली, सेटच्या फटीत घातली आणि बोटानं आत ढकलली. मग अजून एक चिमूट घातली.

तिला दिसू नये म्हणून मी हळूच खिडकीतनं मागं सरकलो. 

खाली गेलो तर ती पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसलेली. म्हणाली, बघ बरं तुझी ती डिस्क. मी डिस्क घातली. सेट कुरकुरला आणि त्यानं ती परत केली. मी सांगितलं, लागत नाही.

‘लागत न्हाय व्हय?’ ती समोर बघत म्हणाली. ‘मग काय, रेडिओच लावाय पाहिजे. फुडं घे.’

 फाट्यावर आलो, चिंचेखाली गाडी उभी केली. तीन नंबरवर एक माणूस शेंगांचे भाव सांगत होता, आणि इतकं स्वच्छ की तो मागच्या सीटवर बसलाय असं वाटावं. आईनं थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं.

‘हितं नीट आयकू येत न्हाय,’ म्हणाली. ‘आत घे.’

मी गाडी आत घेतली. 

मावशी सोप्यात बाजेवर पडली होती. खूप वाळली होती. मावशीचे यजमान, आमचे काका, गोठ्यातनं धावत आले आणि आईला बघून तिथंच थांबले. मावशीनं मान वळवून बघितलं आणि कन्नडमध्ये विचारलं, आज वाट कशी चुकलीस?

‘गाडीतला रेडिओ नीट लागत नव्हता,’ आई कन्नडमध्येच म्हणाली.

 मावशी म्हणाली, ‘बरं झालं बिघडला ते. माझ्यात आता वाट बघायचं बळ न्हाय.’

आईनं पाट मागितला. काकांनी आणून मांडला. त्यांनी आणि मी धरून मावशीला त्यावर बसवलं आणि आईनं पिशवी उघडली. आत पाणी नव्हतं, दशम्या नव्हत्या. हळदीकुंकवाचा करंडा होता, तांदूळ होते, नारळ होता आणि घड्या पिवळ्या पडलेली एक साडी होती. मावशीनं ती ओळखली. माझ्या लग्नात तिनं खुर्चीवर ठेवलेली तीच ती. दर सोमवारी ही पिशवी फाट्यापर्यंत येत होती आणि तशीच परत जात होती. नारळ खराब होऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी फोडला जात होता, पुढच्या सोमवारी नवा.

आईनं कुंकू लावलं, सावकाश, स्वतःच्या हातानं ओटी भरली. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून जे रडायला लागल्या ते काही बघवेना. मी गाडीत जाऊन बसलो आणि शेंगांचे भाव ऐकत राहिलो.

आई तिथंच राहिली. मी संध्याकाळी एकटा परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं ताट वाढलं. मी भाकरी मोडली आणि ताटाकडं बघत बसलो. त्या मंगळवारी आमच्या घरी नारळाची चटणी झाली नव्हती.